पांढऱ्यावर पांढरं

४ जुलै

मुंगीच्या आईस,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला ठेवशील, हे धरूनच लिहायला बसले आहे. ठेव खुशाल. फक्त आतली चपटी पुडी तेवढी मुंगीच्या हातात दे. तिच्यात मी एक अक्षरही लिहिलेलं नाही, तेव्हा तुझी अट मोडत नाही. फोनवर माझा आवाज ऐकला की पोर दिवसभर मुसमुसत बसते, म्हणून ‘फोन करू नका’ असं तू सांगितलंस. मला राग आला. तुझं बरोबर होतं म्हणून जास्तच आला. पण पानं काही बोलत नाहीत, त्यांना पाहून कुणी रडत नाही, म्हणून पानं पाठवते आहे.

म्हणजे पानं नव्हेत, पानांचे छाप. कापड छापण्याच्या कारखान्यात रंगखात्यात माझी अख्खी नोकरी गेली. दुसऱ्यांनी काढलेल्या फुलांना रंग कालवून दिले, पण स्वतः एक फूल कधी छापलं नाही. आता घरी बसल्यावर हात शिवशिवायला लागले. लाटण्याला सायकलची जुनी ट्यूब चढवली, काचेवर शाई पसरली, आणि पेरूचं पान उलटं ठेवून त्याच्या पाठीवर तो रूळ फिरवला. वर कागद, कागदावर चमच्याची पाठ घासायची, आणि कागद एका कोपऱ्यापासून हळू उचलायचा. बस्स, एवढंच. पण उचलल्यावर मी तिथेच खाली बसले गं. त्या झाडाखाली मी इतकी वर्षं कपडे वाळत घातले. त्याच्या पानात एवढे रस्ते आहेत, गल्ल्या आहेत, गल्लीतून पुढे बोळ आहेत, हे मला ठाऊकच नव्हतं. किड्याने कुरतडलेलं भोकसुद्धा कडांसकट उमटलं. कारखान्यात असलं भोक दिसलं असतं तर आमच्या साहेबांनी अख्खा तागा नापास केला असता.

आता मागणं. मागितल्याशिवाय मी पत्र लिहिणार नाही, हे तू ओळखलंच असशील. सप्टेंबर संपताना तू तिला घेऊन समुद्रापलीकडे नव्या नोकरीवर जाणार, हे मला शेजारणीकडून कळलं. जा. तिथे तुझ्यासारख्या चष्म्याच्या काचा घासणाऱ्यांना इथल्यासारखं उभं राहून जेवावं लागत नसेल. पण त्याआधी ऑगस्टातल्या सुट्टीतला एक आठवडा मुंगीला माझ्याकडे पाठव. सहा वर्षांची आहे. आत्ता गेली की मी तिच्या डोक्यातून पुसली जाईन, आणि त्यात तिचा काही दोष नसेल. मला त्याचीच भीती वाटते. दुसरी कशाची नाही.

माझ्या मुलाबद्दल या पत्रात काही लिहिणार नाही. तो दोन गल्ल्या पलीकडे राहतो, रविवारी जेवायला येतो, झालं.

मुंगीची आजी


१५ जुलै

मुंगीच्या आईस,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. (होती.)

बागेत काय काय निघतंय ते कुणाला तरी सांगितल्यावाचून मला राहवत नाही, आणि शेजारणीला सांगितलं तर ती ‘फवारा मारा’ म्हणते. तेव्हा तूच ऐक.

कुंपणाजवळच्या कुंडीत लाकडाचा भुसा घातला होता ना, त्यावर मला बटणं सांडलेली दिसली. शर्टाची असतात तेवढी, करड्या रंगाची. उचलायला गेले तर बटण नव्हे, वाटी! आणि वाटीत अंडी! चार-पाच चपटी अंडी, मोहरीहून थोडी मोठी, ओळीने बसलेली. पाखराचं घरटं कुणीतरी मुंगीच्या मापाने विणावं तसं. आपल्या मुंगीच्या नव्हे, खऱ्या. मी चष्मा पुसला, पुन्हा घातला, तरी घरटी जागच्या जागी. वाचनालयातून पुस्तक आणलं तेव्हा कळलं की ही बुरशी आहे, आणि ती अंडी म्हणजे तिचं बियाणं. पावसाचा थेंब नेमका वाटीत पडला की अंडं उडून हातभर लांब जाऊन चिकटतं. मग मी काय केलं असेल? झारी घेऊन कुंडीसमोर उकिडवी बसले आणि थेंब थेंब सोडत राहिले. नेम काही लागेना. शेवटी एक लागला, आणि ते अंडं माझ्या चष्म्याच्या काचेवर येऊन बसलं! मी एकटीच एवढ्या मोठ्याने हसले की शेजारीण भिंतीवरून डोकावली.

मग मला नादच लागला. नळाजवळ उंच घंटेसारख्या छत्र्या, म्हणजे अळंबी, उगवल्या होत्या. सकाळी पांढऱ्या, दुपारपर्यंत त्यांच्या कडा काळ्या पडून ठिबकायला लागल्या. त्यांची चक्क शाई होते. ही ओळ मी त्याच शाईने लिहिली आहे, बघ, थोडी तपकिरी झाक येईल. आम्ही रंगखात्यात काळ्यासाठी काय काय उकळायचो, आणि इथे नळाजवळ फुकट वाहतोय.

पुस्तकात छत्रीचा छाप घ्यायची रीत दिली आहे. इथे शाई नको, रूळ नको. छत्रीचा दांडा कापायचा, तिच्या पोटाकडल्या चुण्या खाली करून कागदावर ठेवायची, वर वाडगं पालथं घालायचं आणि आपण आपल्या कामाला लागायचं. चुण्यांमधून तिचं बियाणं गळतं, पिठाहून बारीक. दुसऱ्या दिवशी वाडगं उचललं. कागदावर तपकिरी चक्र होतं. मधोमध दांड्याची मोकळी जागा आणि तिथून निघालेल्या शेकडो रेघा, एकीला दुसरी कुठे लागलेली नाही. मी श्वाससुद्धा तोंड वळवून घेत होते, न जाणो उडायचं. आमच्याकडे असली रेघ काढायला दूरदेशीचं यंत्र आणलं होतं, आणि ते दर आठवड्याला बिघडायचं. इथे रात्रभर कुणी काही केलं नाही, आणि हे झालं.

एक छाप मुंगीसाठी पाठवते. वरून केस बसवायचा फवारा मारलाय, पुसला जाणार नाही. आठवड्याच्या मागणीचं विसरू नकोस.

मुंगीची आजी


२४ जुलै

मुंगीच्या आईस,

मुंगीचं चित्र आलं! छत्रीखाली उभी असलेली आजी, आजीचे पाय छत्रीच्या दांड्याहून बारीक. पाकिटावरचा पत्ता तुझ्या अक्षरात होता. तो मी चित्राहून जास्त वेळ बघितला, आता काय लपवायचं.

चित्राच्या मागे तिने विचारलंय, ‘आजी ही छत्री खाता येते का?’ अगं, येते म्हणजे काय! मी तिच्याएवढी होते तेव्हा माझी आई गवताच्या गंजीजवळून असल्या टोपलीभर आणायची, कांद्यावर परतायची, आणि आम्ही भावंडं तव्यावर तुटून पडायचो. ती चव नंतर कधी मिळाली नाही. आणि बघ योगायोग, पालापाचोळ्याच्या खड्ड्यामागे त्याच निघाल्या आहेत! तळाशी तशीच फाटकी पिशवी, तशीच गुळगुळीत टोपी. आईच्या जरा काळपट असायच्या, या शुभ्र आहेत, पण इथली माती वेगळी. दांड्याला गळ्याशी झालर आहे. अंधाऱ्या कोपऱ्यात त्या एवढ्या पांढऱ्या दिसतात की त्यांच्यापुढे माझी धुतलेली चादर मळकी वाटावी. मी काल नुसती बघत उभी राहिले, दूध उतू गेलं.

मी काही अशीच तोंडात टाकणार नाही, घाबरू नकोस. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की आईच्या छत्रीचा छाप गुलाबी उमटतो. रंगाच्या बाबतीत मी अजून कुणाला हार गेलेली नाही. गुलाबीच्या बावन्न छटा डोळे मिटून कालवल्या आहेत. तेव्हा छाप घेतला. काहीच उमटलं नाही. पुन्हा दोन-तीनदा घेतला, जाड चांगल्या कागदावर. तरी कोराच. म्हणजे अजून कोवळ्या आहेत, बियाणं तयार नाही, असा मी हिशेब केला. गुलाबी नाही तसा दुसराही कुठला रंग नाही, मग कसली भीती? कोवळ्याच जास्त गोड लागतात. रविवारी पाहुणे यायचेत, तेव्हा बेत करते. तोवर आणखी निघतील. मुंगी आली की तिलाही करून घालीन, तिला सांग.

कोरे राहिलेले कागद फुकट कशाला घालवायचे? चांगला महाग कागद आहे. त्यातला एक मुंगीला रंगवायला पाठवते.

तू आठवड्याबद्दल हो म्हणालेली नाहीस, पण नाहीही म्हणालेली नाहीस. मी आपली वरच्या खोलीतली खाट उन्हात काढली आहे.

मुंगीची आजी


२९ जुलै, रविवार

मुंगीच्या आईस,

आज फोनवर तुला धड काही सांगता आलं नाही. आता पाहुणे गेलेत, म्हणून लिहिते.

फोन वाजला तेव्हा मी कांदा चिरत होते. छत्र्या धुऊन चाळणीत निथळत होत्या. वर्षभरात तुझा पहिला फोन, आणि तू कसं आहे, काय आहे न विचारता एकदम ओरडलीस, ‘आई, गॅस बंद करा!’ मला वाटलं, मुंगीला काही झालं. मग तू सांगितलंस. मुंगी त्या कागदावर निळा रंग लावत होती, आणि मधोमध रंग बसेचना. ‘आजीने कागद आधीच वापरलाय’ म्हणून ती तक्रार घेऊन तुझ्याकडे आली. आणि तू, काच तपासताना धरतेस तसा, तो खिडकीसमोर तिरपा धरलास.

‘आई, छाप आहे. पांढरा आहे. पांढऱ्या छापाच्या छत्रीने माणूस मरतं, आत्ता वाचलंय मी. तुम्ही खाल्लं तर नाही ना? नीट सांगा, खाल्लं तर नाही ना?’

नाही गं, खाल्लं नाही. पुन्हा एकदा लिहून देते.

माझी चूक कशी झाली ते मला अजून सलतंय. रंगखात्यात आम्ही पांढऱ्याला रंग धरतच नव्हतो. पांढरं म्हणजे कापड आलंय, काम व्हायचंय. उभ्या जन्मात पांढरं मी बघितलंच नाही, पांढऱ्यावर काय पडलंय तेवढं बघितलं. बावन्न गुलाबी ओळखणारी ही नजर, आणि समोर ठेवलेलं दिसलं नाही.

फोन ठेवल्यावर मी छत्र्या खड्ड्यात पुरल्या, चाळणीही पुरली, हात इतके घासले की साबण संपला. एकच बाहेर ठेवली. माझ्या पावसाळ्यातल्या काळ्या छत्रीचं कापड सांगाड्यावरून उसवलं, मेजावर पसरलं, त्यावर ती ठेवून वाडगं घातलं. मग बाकीचे ‘कोरे’ कागद काढून एकेक खिडकीशी नेला. प्रत्येकावर होतं. मी पहिला म्हणून टाकून दिलेला, ज्यावर चहाचा कप ठेवला होता, त्यावरही होतं. कुणी बघतंय की नाही, याची त्याला फिकीरच नव्हती. संध्याकाळी वाडगं उचललं, आणि त्या काळ्या कापडावर जे होतं ते मला सांगता येणार नाही. आख्खं पांढरं चक्र, रेघन्‌रेघ, आणि वाऱ्याने एका बाजूला धुरासारखं थोडं वाहत गेलेलं. इतकं सुंदर काही मी माझ्या हाताने जन्मात केलेलं नाही, आणि तेच मी पानात वाढणार होते. मी त्याला हात जोडले. कशाला जोडले, मला विचारू नकोस.

आता पाहुण्यांचं. मी नुसतं ‘पाहुणे’ लिहिलं होतं. माझा मुलगा आता ज्या मुलीबरोबर असतो तिला घेऊन पहिल्यांदाच जेवायला येणार होता. मी नाही म्हणू शकले नाही, आणि तुला सांगूही शकले नाही. म्हणून आज फोनवर मी ‘पाहुण्यांना आता काय वाढू’ म्हणून बरळले तेव्हा तू म्हणालीस, ‘कोण पाहुणे आहेत ते मला माहीत आहे. त्यांना वरणभात करा.’ आणि फोन ठेवलास. तुला आधीपासून माहीत होतं! माहीत असून तू फोन केलास. एक तासाने केला असतास तर तुला कुणी बोल लावला नसता. मी वरणभात केला. ती मुलगी वाईट नाही, पण जेवताना माझं लक्ष तिच्याकडे नव्हतंच.

एक शेवटचं. मुंगीला पाठवू नकोस. ‘तिलाही करून घालीन’ हे वाक्य माझ्याच हातचं आहे, ते मी मघापासून डोक्यातून काढायला बघते आहे. ज्या बाईला समोरचं विष दिसत नाही, तिच्या हाती मी तरी माझं लेकरू दिलं नसतं. खाट खाली नेऊन ठेवते.

मुंगीची आजी


८ ऑगस्ट

मुंगीच्या आईस,

तुझं कार्ड मिळालं. ‘तिला एकटीला पाठवणार नाही. आम्ही दोघी येतोय. स्वयंपाक मी करीन.’ यापुढे सहीसुद्धा नाही. वकिलाची नोटीस याहून प्रेमळ असते.

मी खाट पुन्हा वर नेली. दुसरीही नेली. जिन्यात अडकली, सुताराला बोलवावं लागलं, तो म्हणाला, ‘आजी, एकदा ठरवा काय ते.’

भाजी, तेल, मीठ, सगळं नवं आणून सीलबंद ठेवलंय. डबे तू स्वतः फोड.

आजी


१९ ऑगस्ट, पहाट

पोरी,

तू वर झोपली आहेस आणि मी खाली बागेत स्टुलावर बसून तुला पत्र लिहिते आहे. हसशील. पण समोरासमोर बोलायला गेलं की आपण दोघी भाजीच्या भावावर येतो. आठवडाभर तेच केलं. आज दुपारी तुमची गाडी.

काल संध्याकाळी बांबूखाली मुंगीला अंडं सापडलं. कोंबडीच्या अंड्याएवढं, मऊ, चामड्यासारखं, अर्धं मातीत. तिने हात लावला नाही. ‘आजी, आधी पुस्तक,’ म्हणाली, अगदी तुझ्या आवाजात. पुस्तक म्हणतं, हे पहाटे फुटतं. म्हणून उजाडायच्या आधीच येऊन बसले.

मघाशी ते डोक्यावर तडकलं. आतून हिरवट काळी टोपी वर आली, आणि तिच्याखाली पांढरा दांडा. तो वाढताना दिसतोय गं! मी वाढलेलं झाड बघितलंय, वाढलेलं मूल बघितलंय, पण वाढणं असं डोळ्यांदेखत कधी बघितलं नव्हतं. मी ओळ लिहून मान वर करते तर तो आधीपेक्षा उंच. शेजारीण अजून उठलेली नाही, दूधवाला आलेला नाही, सगळं जग झोपलंय आणि हे इथे चाललंय, कुणाला न सांगता. वास मात्र मेलेल्या उंदराचा आहे. माश्या त्यावर आत्ताच खूश आहेत. मी पदर नाकाला लावून बसले आहे, आणि मला रडू येतंय, ते काही वासाने नव्हे.

काल भांडी घासताना तू एक वाक्य बोललीस. तू घासत होतीस, मी विसळत होते. माझ्याकडे न बघता तू म्हणालीस, ‘पुढच्या सुट्टीतही मी हिला एकटीला पाठवणार नाही, सांगून ठेवते. तुमच्यावर माझा काडीचा विश्वास नाही.’ मी ‘बरं’ म्हटलं आणि तीच ताटली पुन्हा पुन्हा विसळत राहिले. तुला वाटलं असेल, मला लागलं. अगं, मी रात्रभर कूस बदलत एकच मोजत होते, की पुढच्या सुट्टीतही तुम्ही दोघी. विश्वास असता तर एकटी मुंगी आली असती. आणि चार वर्षांनी, जरा मोठी झाल्यावर, तीही आली नसती. नको ठेवूस विश्वास. अजिबात नको ठेवूस. दर वर्षी ये आणि माझे डबे तपास.

थांब. टोपीखालून काहीतरी सुटायला लागलं. पांढरी जाळी, विणलेली, एकेक घर करत खाली उतरते आहे, झग्यासारखी पसरते आहे. लिहिताना माझी नजर हलते, आणि तेवढ्यात एक घर निसटतं. ही जमिनीला टेकायच्या आत तुम्ही दोघी इथे हव्यात. मी जिना चढून येते आहे. मुंगीला तशीच उचल, चपला शोधत बसू नकोस.